आता सबब नाही!

बोनसचे पैसे घालून स्विस पिस्तूल घेतलं ते स्कोअर वाढावा म्हणून. झालं भलतंच...

माझ्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू टीव्ही नाही, फ्रीज नाही आणि लॅपटॉपही नाही. (तो कंपनीचा आहे!) ती असते दिवाणात, आईच्या जुन्या गोधडीखाली, एका काळ्या पेटीत. पेटीला कुलूप आहे. शेजारच्या काकूंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, ‘‘हे काय गं, व्हायोलिन का?’’ मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, ‘‘नाही हो, ऑफिसचा प्रोजेक्टर.’’

तर हा ‘प्रोजेक्टर’ म्हणजे एक एअर पिस्तूल आहे. मोरिनी सीएम 162 ईआय, मेड इन स्वित्झर्लंड.

घाबरू नका. यातून बारूद उडत नाही, धूर येत नाही, हिंदी सिनेमातल्यासारखा ‘ढिश्क्यांव’ही होत नाही. नळीखाली दाबलेल्या हवेचं सिलिंडर असतं. ट्रिगर दाबला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि शिशाचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा, म्हणजे पेलेट, पुढे ढकलते. फट्. बस्स, एवढाच आवाज. समोर दहा मीटरवर टार्गेट. त्याच्या मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे तुमच्या फॉर्मल शर्टाचं बटण! ते बटण एका हाताने, कुठेही न टेकता, साठ वेळा, 75 मिनिटांत टिपायचं. सगळे दहा लागले तर सहाशे. पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरने 580 मारले होते. मी माझा आकडा सांगेन, पण शेवटी.

सुरुवात झाली 2022 मध्ये, टीम आउटिंगला. पेंटबॉल, झिपलाइन, बुफे आणि एका कोपऱ्यात एअर पिस्तूलचा स्टॉल. मला कशातच इंटरेस्ट नव्हता. त्या आठवड्यात अप्रेझल झालं होतं आणि मॅनेजर म्हणाला होता, ‘‘तू काम छान करतेस, पण ओनरशिप घेत नाहीस.’’ आता मी टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला. त्यात ओनरशिप कसली घ्यायची? मी धुमसत स्टॉलवर गेले आणि पिस्तूल उचललं. पहिला शॉट सात. दुसरा थेट भिंतीवर. तिसऱ्याला कुणीतरी सांगितलं, ‘‘टार्गेटकडे बघू नका, पुढच्या माशीकडे बघा.’’ बघितलं. आणि दोन-तीन सेकंद डोक्यात अप्रेझल नव्हतं, मॅनेजर नव्हता, काहीच नव्हतं. असली शांतता मला तीन हजारांच्या योगा पॅकेजमध्येही मिळाली नव्हती!

पुढच्या महिन्यात मी क्लब लावला. शनिवार-रविवार सकाळी सात ते नऊ. मैत्रिणी ब्रंचचे फोटो टाकायच्या तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून कोऱ्या कागदावर नेम धरत असायचे. याला ‘ड्राय’ म्हणतात. पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायचा. पहिले दोन महिने सरांनी मला टार्गेट दाखवलंच नाही म्हणा ना.

या खेळातलं गणित मात्र मला फार आवडलं. पिस्तुलाच्या मागच्या साइटला एक खाच असते आणि पुढे माशी. खाचेत माशी बरोबर मध्ये हवी. दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. दोघींमधलं अंतर साधारण एक फूट. आता माशी फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सरकतो तीसेक मिलिमीटर. एका गुणाचं वर्तुळ आठ मिलिमीटरचं. म्हणजे हाताशी केसभर चूक आणि तिकडे दहाचे सहा. उलट हात डुलतोय पण माशी खाचेत नीट आहे, तर फार बिघडत नाही. म्हणून डोळा माशीवर ठेवायचा आणि टार्गेट धूसर दिसू द्यायचं. जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही, जे हातात आहे त्याच्याकडे बघायचं. बोलायला सोपं!

वर्ष-दीड वर्षात मी 530 पर्यंत आले आणि तिथेच अडकले. 528, 531, 526, 530. आणि मग सुरू झाली माझी खरी स्पेशालिटी. कारणं.

क्लबचं पिस्तूल जुनं आहे. त्याची ग्रिप पुरुषाच्या हाताची आहे. माझ्याआधी सहावीतला मुलगा वापरतो, तो साइट फिरवून ठेवतो. ट्रिगर अडकतो. एसीचा झोत नेमका माझ्या लेनवर येतो. यातलं काही खोटं नव्हतं बरं का! ग्रिप खरंच मोठी होती. टेस्टर असल्यामुळे मी प्रत्येक दोष पुराव्यासकट सांगू शकत होते. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘‘बरं. पुढची सिरीज.’’

2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पॅरिस झालं. मनूने पिस्तुलात ब्राँझ मिळवलं, मग सरबज्योतसिंगबरोबर आणखी एक. आणि आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलमध्ये ब्राँझ घेऊन आला. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, सराव बालेवाडीला. म्हणजे नोकरी करणारा माणूस! आमच्या क्लबात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मात्र मनूच्या गोष्टीतलं माझ्या सोयीचं तेवढंच उचललं. 2021 मध्ये टोकियोला तिचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि दोन गुणांनी फायनल हुकली. ‘‘बघा,’’ मी सरांना म्हटलं, ‘‘इक्विपमेंट मॅटर्स!’’

‘‘मॅटर्स,’’ सर म्हणाले, ‘‘मग घे की.’’

पैसे होते. म्हणजे, फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी मी आणि आई चार वर्षं एका खात्यात साठवत होतो, त्यात माझा बोनसही पडला होता. बाबा गेल्यापासून भाड्याच्या घराचं आईला फार टेन्शन. दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि नवी घासाघीस. त्या खात्यातले एक लाख ऐंशी हजार काढायचे म्हणजे घर निदान वर्षभर लांबणार. मी तिला जेवताना सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘एवढ्यात सोनं आलं असतं.’’ ती कोल्हापूरची. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा हिने गल्लीत पेढे वाटले होते. राही सरनोबतने 2018 च्या एशियाडला सुवर्ण मारलं तेव्हा पुन्हा. मी त्याची आठवण करून दिली. आई म्हणाली, ‘‘त्या जगात पहिल्या आल्या. तू क्लबात कितवी येतेस?’’

सातवी. पण मी म्हटलं, ‘‘ग्रिप मोठी आहे ना!’’

शेवटी तिने ‘तुझे पैसे, तू बघ’ म्हटलं. सगळ्या आया म्हणतात तसंच, म्हणजे नकार देऊनच. आणि मी घेतलं.

खरेदीची गंमत वेगळीच. या जगात मर्सिडीज-बीएमडब्ल्यूसारखी घराणी आहेत. ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीच्या वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीची पार्दिनी, स्वित्झर्लंडची मोरिनी. प्रत्येकाचे भक्त वेगळे आणि ते एकमेकांशी वडापावच्या गाड्यांवरून भांडावं तसे भांडतात. स्टायरवाले म्हणतात, आमच्या पिस्तुलाला झटका जाणवत नाही. मोरिनीवाले म्हणतात, आमचा ट्रिगर बघा. या मॉडेलचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे, आत चक्क बॅटरी. बोट एका ठरावीक जागी येतं आणि शॉट सुटतो. कुरकुर नाही, अडखळणं नाही. तरी नियमाप्रमाणे तो निदान पाचशे ग्रॅमचा लागतोच. त्याहून हलका चालत नाही.

लायसन्सचं विचाराल, तर 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला ते लागत नाही. याची ताकद पाच-सहा ज्यूलच. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागला. मजा म्हणजे दुकानदाराने त्याच्याही आधी माझा हात मागितला. कागदावर पंजा ठेवायला लावून त्याने पेन्सिलने भोवती रेघ मारली. बालवाडीत काढायचो तशी! त्यावरून ग्रिपची साइज. माझी निघाली स्मॉल. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! सिद्ध झालं होतं ना, इतके दिवस दोष माझा नव्हताच.

पेटी आली त्या रात्री मी ती उशाशी घेऊन झोपले. काळा स्पंज, त्यात नळी, सिलिंडर, छोटी-छोटी हत्यारं आणि अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप. हातात घेतली तर अशी बसली की पिस्तूल धरलंय की पिस्तुलाने मला धरलंय, कळेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच ग्रिपवर कानस चालवली. मी किंचाळलेच. एक लाख ऐंशी हजार! ‘‘स्मॉल म्हणजे तुझी नाही,’’ सर म्हणाले, ‘‘स्मॉल म्हणजे जवळपास तुझी.’’ मग तीन रविवार तेच. अंगठ्याखाली दुखतंय, तिथे घास. करंगळी सैल पडते, तिथे पुट्टी भर. ती अर्धवट ओली असताना मूठ धरून बस. शेवटी ती इतकी ओबडधोबड झाली की दुकानातली वाटेना, पण डोळे मिटून धरली तरी माशी खाचेत यायला लागली.

आता स्कोअर. पहिल्या पूर्ण सामन्यात मी मारले 519.

होय. अकराने कमी!

बॅटरी उतरली असेल, मी नवी घातली. पेलेट जमत नसतील, चार कंपन्यांचे डबे आणले. हवेचा दाब कमी असेल, सिलिंडर पुन्हा भरून आणलं. 522. 517. रात्री आईने विचारलं, ‘‘कसं चाललंय?’’ मी म्हटलं, ‘‘नवीन आहे ना, सेट व्हायला वेळ लागतो.’’ तिने मान हलवली आणि बँकेचं पासबुक आवरून ठेवलं. त्या पासबुकाकडे बघताना पहिल्यांदा पोटात गोळा आला.

चौथ्या आठवड्यात मी सरांना सांगितलं, बहुतेक पीस डिफेक्टिव्ह आहे. ते म्हणाले, ‘‘पेटीत एक कार्ड आलं असेल. घेऊन ये.’’

होतं. स्पंजखाली, मी नीट बघितलंही नव्हतं. कारखान्यातून पिस्तूल निघण्याआधी ते घट्ट बसवून दहा मीटरवरून त्यातून शॉट मारतात आणि ते कार्ड पेटीत ठेवतात. या कार्डावर बरेच शॉट होते, पण भोक एकच. पेलेटपेक्षा जरासं मोठं. दहाच्या वर्तुळात आरामात मावणारं.

सरांनी ते माझ्या लेनवर टाचणीने लावलं. ‘‘हे पिस्तूल काय करतं ते इथे दिसतं,’’ म्हणाले, ‘‘बाकी राहिलं ते तुझं.’’ आणि चहा प्यायला निघून गेले.

मी रडले नाही, पण त्या दिवशी पुढे शूटिंगही केलं नाही. पेटी बंद करून गाडीत बसून राहिले. ग्रिप माझ्या हाताची, ट्रिगर जगातल्या उत्तमांपैकी एक, पेलेट नवे. म्हणायला काही उरलंच नव्हतं. तुम्हाला सांगते, सबब नसणं ही फार एकटी जागा आहे.

पुढच्या रविवारी सरांनी नवं काम दिलं. शॉट सुटला की स्क्रीनकडे बघायचं नाही. आधी सांगायचं, कुठे गेला. ‘‘नऊ, साडेचारच्या दिशेला.’’ मग बघायचं आणि वहीत दोन्ही लिहायचं. याला ‘कॉल’ म्हणतात, सगळे मोठे नेमबाज करतात. मला पहिल्यांदा ते जमेचना. कारण शॉट सुटताना काय झालं ते मला माहीतच नसायचं, मी मनाने आधीच स्क्रीनवर पोचलेली असायचे. हळूहळू दिसायला लागलं. घाई केली. हात थकला होता तरी खाली घेतला नाही. ट्रिगर ओढला, दाबला नाही. दहा लागल्यावर खूश झाले आणि पुढचा तसाच सोडला. तीन महिन्यांच्या वहीत ग्रिप एकदाही आली नाही. एसी एकदा आला, तो खोडला.

याच दिवसांत ऑफिसात एक प्रकार झाला. शुक्रवारी रात्री रिलीज गेली आणि शनिवारी क्लायंटच्या ग्राहकांना रिफंड दोन-दोनदा जायला लागले. सोमवारी सकाळी कॉल. बारा माणसं. डेव्हलपर म्हणाले, रिक्वायरमेंट स्पष्ट नव्हती. अॅनालिस्ट म्हणाली, मेल केला होता. माझी पाळी आली. माझ्याकडे फर्स्ट क्लास कारण तयार होतं. शुक्रवारी टेस्ट सर्व्हर अर्धा दिवस बंद होता. शंभर टक्के खरं, स्क्रीनशॉटसकट!

पण मला माहीत होतं की सर्व्हर दुपारी दोनला सुरू झाला होता. रिफंडच्या केसेस चालवायला चार तास होते. मी त्या मागच्या रिलीजमध्ये पास झाल्या म्हणून न चालवता साइन-ऑफ दिला होता. मला साडेसहाला निघायचं होतं. तोंड उघडलं आणि का कोण जाणे, कॉलच दिला. ‘‘मी त्या केसेस रन केल्या नव्हत्या. वेळ होता. माझं चुकलं.’’

कॉलवर अशी शांतता पसरली की मला वाटलं नेट गेलं.

तुम्हाला वाटेल, मग मॅनेजरने पाठ थोपटली, प्रमोशन दिलं. छे! त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं, इन्क्रिमेंट जेमतेम. आजूबाजूला माणसं कमी करत होते, त्यामुळे दोन महिने झोप नव्हती. नोकरी राहिली, एवढंच. पण एक झालं. तीन तासांचा कॉल वीस मिनिटांत संपला, कारण बग कुठे आहे ते शोधावंच लागलं नाही. घरी आल्यावर आईलाही सांगितलं. रिफंडचं सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं, ‘‘पिस्तूल चांगलं आहे आई. मीच वाईट मारतेय. घर लांबलं ते माझ्यामुळे.’’ ती म्हणाली, ‘‘ते मला पासबुकात दिसतंच आहे. भाकरी गार होतेय.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘स्पर्धा कधी आहे म्हणालीस?’’

स्पर्धा लहानशी होती, आसपासच्या क्लबांची. तरी तपासणी सगळी साग्रसंगीत. पिस्तूल मापाच्या खोक्यात बसतं का, दीड किलोच्या आत आहे का, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लावून उचलून बघितलं. पूर्वी महिलांना चाळीसच शॉट असायचे, 2018 पासून पुरुषांइतकेच साठ. आई मागच्या खुर्चीत, मांडीवर डबा घेऊन.

पहिल्या तीन सिरीज बऱ्या गेल्या. चौथीत आठव्या शॉटला हात वर नेला, खाली टेकवत आणला, श्वास अर्धा सोडला आणि जाणवलं की नाडी माशीत दिसतेय. खाली घ्यायला हवा होता. घेतला नाही. बोटाने हिसका दिला. शॉट सुटला त्या क्षणी मी पुटपुटले, ‘‘पाच. डावीकडे, खाली.’’

स्क्रीन बघितली. पाच. डावीकडे, खाली.

आधीची मी असते तर तिथेच कोसळले असते आणि उरलेले बावीस शॉट कारण शोधण्यात घालवले असते. आता शोधायचंच काय होतं? पिस्तूल टेबलावर ठेवलं, हात झटकला, पाणी प्यायले. पुढचा दहा आला. त्याच्या पुढचा नऊ.

547. छत्तीस जणींत अकरावी. मनूपेक्षा तेहेतीस कमी, पण जुन्या स्वतःपेक्षा सतरा जास्त.

घराचं म्हणाल तर अजून भाड्याचंच आहे. परवा अकरा महिने संपले आणि पुन्हा करार केला. खात्यात पैसे पडताहेत, हळूहळू. कारखान्याचं ते कार्ड आता माझ्या ऑफिसच्या डेस्कवर लावलंय. लोक विचारतात, हे भोक कसलं?

त्या स्पर्धेहून परत आलो, तर लिफ्टमध्ये नेमक्या काकू. नजर पेटीवर. ‘‘आज रविवारी पण प्रोजेक्टर?’’

मी आईकडे बघितलं. आईने डबा या हातातून त्या हातात घेतला.

‘‘पिस्तूल आहे हो,’’ ती म्हणाली. ‘‘हिचं. पाचशे सत्तेचाळीस मारले आज.’’

‘‘अगं बाई! कितीपैकी?’’

‘‘सहाशेपैकी. त्यात एक पाच आहे,’’ आई म्हणाली, ‘‘पण तो तिला न बघताच कळला होता.’’